दुधाळलेली काच

आज सकाळी बागेतल्या शेडचे दार उघडले आणि सवयीने आधी हवा हुंगली. ओल होती. कुजत्या पानांचा, भिजलेल्या लाकडाचा आणि कुणाच्या तरी परसात जळणाऱ्या काटक्यांच्या धुराचा, इंग्लंडमधल्या रीडिंगच्या ऑक्टोबरातला ठरलेला वास. अशा हवेत रंग मारायचा नसतो. डब्यातून फवारलेले लॅकर हवेतली ओल धरते आणि लालभडक बॉनेटवर साय आल्यासारखा पांढुरका थर बसतो. छोट्या गाड्यांची मॉडेल बनवणारी आमच्यासारखी माणसे ऋतू दिनदर्शिकेत पाहत नाहीत. भिंतीवर टांगलेल्या आर्द्रतेच्या काट्यात पाहतात. काटा आज पार उजवीकडे कलला होता. मी फवारणीचा डबा परत ठेवला आणि नजर आपोआप वरच्या फळीकडे गेली. तिथे दोन खोकी शेजारी शेजारी आहेत. एकाच गाडीची. एक पाच वर्षांपूर्वीचे, दुसरे त्यानंतरचे. ऑक्टोबर आला की मी ती खाली काढतो, पुसतो आणि तशीच परत ठेवतो. सुटे भाग बसवायचा चिमटा मात्र मी त्या दिवशी हातात धरत नाही.

मला सगळेच उशिरा सुचते. लग्न सदतिसाव्या वर्षी, देशांतर बेचाळिसाव्या, आणि मॉडेलचे पहिले खोके हाती आले ते चव्वेचाळिसाव्या, ऑफिसातल्या ख्रिसमसच्या भेटींमध्ये. खोक्यावर ‘वय वर्षे दहा आणि पुढे’ असे छापले होते. देणाऱ्याने ते थट्टेने निवडले असावे. मी मात्र घरी येऊन झाकण उघडले आणि बराच वेळ नुसता पाहत राहिलो. प्लास्टिकच्या चौकटींना सुटे भाग लटकलेले होते, कैऱ्यांच्या घोसासारखे: चाके, आरसे, नखाएवढे स्टिअरिंग, पापणीएवढा वायपर.

माझे वडील सोलापुरात शिक्षक होते. आमच्याकडे सायकलीपलीकडे वाहन नव्हते. दर जूनमध्ये ते रद्दीच्या दुकानातून गुळगुळीत कागदाची परदेशी मासिके आणत आणि त्यांची कव्हरे आमच्या पुस्तकांना घालत. सातवीच्या भूगोलाला एक तांबडी इटालियन गाडी आली होती. नेमकी तिच्या पुढच्या चाकावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. वर्षभर ती गाडी माझ्या बोटांखाली होती, आणि ती खरोखर कोठेतरी धावत असेल असे मला एकदाही वाटले नाही. तिला कुणी चालवत असेल, वळणावर तिचाही तोल जात असेल, हे तर नाहीच.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या शरद ऋतूपर्यंत माझ्या पाच गाड्या झाल्या होत्या. सगळ्या युरोपातल्या, दोन आसनांच्या, पन्नास-साठच्या दशकांतल्या. माझी पत्नी वैजयंती, म्हणजे वैजू, हिने त्यांचे बारसे केले होते. इटालियन म्हणजे ताईसाहेब, पाठ काढून बसलेली जर्मन म्हणजे कासव, आणि लांबलचक नाकाची ब्रिटिश म्हणजे मुंगूस. पाहुणे आले की ती फळीकडे हात करून म्हणे, “बघा, एवढं गॅरेज आहे साहेबांचं. आणि बाजारात न्यायचं तर ड्रायव्हर मी!”

ते खरे होते. आमची निळी, छोटी, खरी गाडी वैजूच चालवत असे. मी डावीकडे मांडीवर जाडजूड नकाशांचे पुस्तक घेऊन बसे आणि पुढचे वळण वाचून दाखवी. खऱ्या गाडीची मला भीती वाटे. कारण विचारले तर सांगता आले नसते. मॉडेल ही थांबलेली गाडी असते, आणि मला वाटते, माझे सारे प्रेम त्या थांबण्यावरच होते.

वैजू गणिताची शिक्षिका आहे. स्वयंपाकघरात ती घड्याळ पाहत नाही, पाढे म्हणते. चहा उकळायला एक पाढा, फोडणी उतरवायला अर्धा. तिच्या आईची ही पद्धत, तिने इथे विजेच्या शेगडीवरही चालू ठेवलेली. त्यामुळे आमच्या घराला एक पार्श्वध्वनी होता. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून काम करी आणि आतून आकडे येत राहत; त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नसे, हेच त्यांचे सुख होते.

त्या शनिवारी दुपारी मी मुंगसाची पुढची काच लावत होतो. सगळे झाले होते, काच तेवढी उरली होती. काचेला पांढरा गोंद लागतो. केन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या दुकानातून मी सामान घेत असे, त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावले होते, “काचेला सुपरग्लू कधीही नाही, बरं का. त्याची वाफ काचेवर बसते. एकदा बसली की बसली.” पण पांढरा गोंद संपला होता, दुकान बंद झाले होते, आणि मला थांबवेना. मी नियम मोडणारा माणूस नाही. रिकाम्या रस्त्यावरही हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहतो. त्या दुपारी मात्र सुपरग्लूचा एक थेंब टाचणीच्या टोकावर घेतला, श्वास रोखला आणि काच चौकटीत बसवली. बारीक काम करताना श्वास रोखायचा असतो. छातीच्या हालचालीनेही हात सरकतो.

आतून एकोणीसचा पाढा येत होता. “एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर, एकोणीस पंचे पंच्याण्णव...”

आणि मग काही नाही.

मला वाटले, विसरली. मला हसूही आले, हे लिहायला हवे. गणिताच्या बाईंना पाढा आठवत नाही, आता यावरून तिला चिडवता येईल, असा विचार माझ्या मनात पूर्ण येऊन गेला. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

मी स्वयंपाकघराच्या दारात पोहोचलो तेव्हा ती फरशीवर होती आणि तिचे अंग तिचे राहिले नव्हते. हात-पाय कुणीतरी दुसरेच हलवत होते. डोळे उघडे होते, पण त्यांत मी नव्हतो. आणि मी उभा राहिलो. हातात चिमटा, आणि श्वास अजून रोखलेलाच. किती वेळ, ते मला आजही माहीत नाही. पाच सेकंद असतील, पंचवीस असतील. जगातल्या सगळ्या घड्याळांवर माझा राग आहे तो यासाठी, की त्यांतल्या एकानेही ते मोजून ठेवले नाही.

भान आल्यावर मी काय केले? विळीजवळ चिरून ठेवलेला अर्धा कांदा उचलला आणि तिच्या नाकाशी धरला. लहानपणी सोलापूरच्या आमच्या गल्लीत कुणाला फिट आली की लोक कांदा आणा, चप्पल आणा, म्हणून धावत. दोन पदव्या, परदेशात संगणकांची माहितीपुस्तके लिहिण्याची नोकरी, आणि ऐन वेळी हाताला सापडला तो कांदा. मग ॲम्ब्युलन्ससाठी फोन. पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता. तिला धरू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. मी सांगितले तसे केले.

ॲम्ब्युलन्सची माणसे आली. ती वैजूला खुर्चीवर बसवत होती, तिला तिचे नाव विचारत होती, आणि मी काय करत होतो? मुंगसाची वरची बॉडी चाकांवर बसवत होतो आणि खोक्याचे झाकण लावत होतो. रंगवलेल्या भागांवर धूळ बसू नये म्हणून उठताना झाकायचे, ही सवय. सवय माणसाची लाज राखत नाही.

हॉस्पिटलात नर्सने तिच्या गालाला हात लावून विचारले, “कांद्याचा वास कसला येतोय?” मी जमिनीकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सारे कळल्यावर वैजू उशीवरून म्हणाली, “कांदा? मला कांदा हुंगवलास? अरे, मग चप्पल का सोडलीस?” आणि ती हसली. जीभ चावली गेल्यामुळे तिला हसताना दुखत होते. मी हसलो नाही. दारात उभे राहिल्याचे मी तिला सांगितले नव्हते.

दोन दिवसांनी घरी आल्यावर खोके उघडले. काच पांढरी झाली होती. झाकणाखाली कोंडलेली वाफ आतल्या बाजूने बसली होती, आणि गाडीत आता काही दिसत नव्हते. ना स्टिअरिंग, ना दोन तपकिरी आसने, ज्यांच्या शिवणी मी सुईच्या टोकाने कोरल्या होत्या. बाहेरून मात्र गाडी निर्दोष होती.

डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. पुन्हा कधीच येणार नाही असे होऊ शकते. उद्याही येऊ शकते. वर्षभर गाडी चालवायची नाही, आणि मध्ये पुन्हा फिट आली तर वर्ष पहिल्यापासून मोजायचे. वैजूने लायसन्स पाकिटात घालून स्वान्सीच्या लायसन्स कचेरीला पाठवून दिले. तिची शाळा पँगबर्नच्या पलीकडे एका खेड्यात होती, आणि तिथे जाणारी बस शाळेची वेळ सोडून इतर सगळ्या वेळी जात असे. जीन नावाची एक सहकारी तिला ईस्टरपर्यंत नेणार होती. ईस्टरनंतर जीन निवृत्त होणार होती.

“मग शाळा सोडावी लागेल,” मी म्हणालो.

“किंवा तू शिकशील,” वैजू म्हणाली.

“या वयात?”

“खोक्यावर काय लिहिलंय? दहा आणि पुढे. बसतोस की त्यात.”

मला शिकवायला आली मीनल. जन्म लंडनमधल्या हॅरोचा, आईवडील मूळचे ठाण्याचे, वय सव्वीस. मराठी तिच्या पद्धतीची. “काका, मिरर! तुम्ही मिरर बघितला नाही. मागे एक व्हॅन आहे, तो माणूस खूप ॲंग्री आहे.” मी गाडी कडेला घेतली की ती खिडकीतून पाही आणि म्हणे, “काका, फुटपाथपासून इतका लांब? आपण काय बोट पार्क करतोय?” तिच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक होता. त्या ब्रेकवर माझा जितका विश्वास होता तितका माझ्या कुठल्याच अवयवावर नव्हता.

माझी खोड तिनेच पकडली. चौथ्या दिवशी मोठ्या राउंडअबाउटनंतर, म्हणजे वळसा घालून जायच्या गोल चौकानंतर, मला घेरी आल्यासारखे झाले. मीनलने गाडी थांबवायला लावली. “काका, तुम्ही ब्रीद करत नाही. मी बघतेय. राउंडअबाउट आला की तुम्ही स्टॅच्यू होता.” ते खरे होते. अवघड जागा आली की मी श्वास रोखत होतो, टाचणीवर थेंब घेतल्यासारखा. दुसरी खोड त्याहून विचित्र. मी गाडी आतून चालवत नव्हतो. वरून पाहत होतो. इतकी वर्षे गाड्या तळहातावर धरल्या होत्या, त्यामुळे रस्त्यावरही माझ्या डोळ्यांसमोर आमच्या निळ्या गाडीचे छप्पर येई, आणि त्या छपराखाली कुणीच नसे.

घरी वेगळी शिकवणी चालू होती. ती ऐकण्याची. वैजू अंघोळीला गेली की मी जिन्यात बसे. पाण्याचा आवाज सारखा आला की ठीक. बदलला की उठून उभा राही. पाढा जरा थबकला की माझ्या हातातले वर्तमानपत्र खाली येई. एकदा ती पदर खोचून बाहेरच आली. “कडी लावू नको म्हणालास, नाही लावली. पण हे दाराशी बसणं बंद कर. मला फिट आली तर एकदा येईल, तू मला रोज आणतोयस.” मी जिन्यातून उठलो. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली बसलो.

त्या हिवाळ्यात मी एकाही मॉडेलला हात लावला नाही. चार वाजता अंधार पडे. फळीवरच्या मुंगसाची पांढरी काच त्या अंधारात मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी दिसे. केनला विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, बारीक पॉलिशने घासून पाहा, बरीच निघेल. मी पॉलिश आणले आणि वापरले नाही. सुशिक्षित माणसाने लिहू नये असे वाक्य आता लिहितो: मला वाटत होते की मी नियम मोडला म्हणून ते घडले. तर्काला हे हास्यास्पद आहे, हे मी तेव्हाही जाणत होतो. पण भीती तर्काच्या खोलीत राहत नाही. तिचे बिऱ्हाड पोटात असते.

फेब्रुवारीत पहिली परीक्षा नापास झालो. राउंडअबाउटपाशी मी थांबलो आणि थांबूनच राहिलो. उजवीकडून कुणी येत नव्हते. परीक्षक हलकेच खोकले. नंतर त्यांनी दिलेल्या कागदावर एका चौकटीत खूण होती. त्या चौकटीचे नाव मराठीत सांगायचे तर ‘अकारण रेंगाळणे’. मागे गाड्या अडकून पडाव्यात इतका मी तिथे रेंगाळलो होतो म्हणे. मीनल म्हणाली, “काका, डोंट वरी, सगळ्यांना होतं.” मला मात्र तो कागद हातात धरवेना. स्वयंपाकघराच्या दारातली ती सेकंदे अखेर कुणीतरी मोजली होती आणि गुण दिले होते.

त्या संध्याकाळी मी वैजूला सांगितले. परीक्षेचे नाही, ते तिला चेहऱ्यावरून कळले होते. दाराचे सांगितले. चिमट्याचे, श्वासाचे, झाकणाचे.

ती बराच वेळ हातातली भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “मला त्यातलं काहीच आठवत नाही. पंचे पंच्याण्णव म्हटलं आणि एकदम कुणीतरी नाव विचारत होतं. मधलं सगळं तुझ्याचकडे आहे.” आणि थोड्या वेळाने, “जड असेल रे.”

तिने मला माफ केले असे ती म्हणाली नाही. माझ्याकडून तिने ते ओझे घेतलेही नाही. ते जड आहे एवढे मात्र तिने मान्य केले, आणि त्या रात्री मी जिन्यात बसलो नाही.

मार्चमध्ये पास झालो. आनंद झाला असेल, पण आठवते ती भीतीच. तिला आता चाके आली होती. ईस्टरनंतर रोज सकाळी थेम्सच्या काठाकाठाने मी वैजूला शाळेत नेऊ लागलो. कुरणांवर धुके असे. पुढचे वळण धुक्यात संपलेले दिसे आणि मी त्यात शिरत असे, मोठ्याने श्वास घेत, मीनलने शिकवल्याप्रमाणे. एक डोळा रस्त्यावर, अर्धा डावीकडे. वैजू वह्या तपासत बसे. पान उलटल्याचा आवाज आला की मी पुढचा गिअर टाकी.

वर्ष सरले. तिला फिट पुन्हा आली नाही. लायसन्सचे पाकीट आले त्या सकाळी तिने किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि डावीकडे जाऊन बसलो. मोठ्या राउंडअबाउटपाशी ती थांबली. एक सेकंद, दोन. मी रस्त्याकडे पाहत नव्हतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि माझा उजवा पाय पायाखालची चटई जीव खाऊन दाबत होता.

“तिथे ब्रेक नाहीये,” ती समोर पाहत म्हणाली. “आणि मी ठीक आहे. उजवीकडून लॉरी येतेय, तिला जाऊ देतेय फक्त.”

या गोष्टीला चार वर्षे झाली. पाय अजून दाबला जातो. मुंगसाचे दुसरे खोके मी लायसन्स परत आल्यानंतरच्या हिवाळ्यात केनकडून आणले होते. गाडी पुन्हा बांधली, त्याच रंगाची, आसनांच्या शिवणी पहिल्यापेक्षा बऱ्या. काच मात्र लावलेली नाही. वैजू बाहेर असली की वाटते, फोन येईल. घरात असली की वाटते, आत शांतता होईल. काच लावायला योग्य अशी वेळ चार वर्षांत एकदाही आली नाही, आणि गाडी वाऱ्याला तोंड देत उघडीच उभी आहे.

आज खोकी खाली काढून हे सगळे मनात चालले असताना शेडचे दार ढकलून वैजूच आत आली. हातात दोन कप, अंगावर माझा जुना स्वेटर. फळीवरून काढलेली खोकी तिने पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

“पांढरा गोंद आहे ना?”

“आहे.”

“मग लाव.”

“हवा ओली आहे.”

“ओल रंगाला बाधते, काचेला नाही. मला काय येत नाही का एवढं?” तिने रंगाच्या डब्यांचे खोके ओढले आणि त्यावर बसली. “लाव. मी इथेच आहे.”

मी चिमटा घेतला. काच उचलली. कडेला पांढऱ्या गोंदाची केसाएवढी रेघ ओढली, आणि चौकटीवर टेकवली. हा गोंद लगेच धरत नाही. बोटाने हलके दाबून थांबावे लागते. बाहेर पागोळ्या गळत होत्या. माझ्या पाठीमागे कपाचा आवाज झाला, आणि मग ती हळू आवाजात म्हणू लागली, चहा उकळायला ठेवल्यासारखी सहज. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. मला तिला थांबवायचे होते. दुसरा कुठलाही घे, असे म्हणायचे होते. पण बोट काचेवर होते. सत्तावन्न. शहात्तर.

“एकोणीस पंचे पंच्याण्णव,” वैजू म्हणाली, आणि चहाचा एक घोट घेतला.

मी मागे पाहिले नाही. काचेतून दोन तपकिरी आसने स्पष्ट दिसत होती.

“एकोणीस सक चौदोदरसे,” ती म्हणाली. “आता श्वास घे.”